चिकाच्या कॅप्सूल आणि काकूंचे गुडघे : नागपुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

काकू ६१ वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, दक्षिण नागपुरात स्वतःचं दोन मजली घर, झोपायची खोली वर आणि स्वयंपाकघर, देवघर खाली, म्हणजे दिवसातून कितीदा जिना होतो विचारू नका. मुलगा-सून पुण्याला. काका घरीच असतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हे सगळं काकूंना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील गाळलेत.

त्या माझ्याकडे आल्या फेब्रुवारीत. डावा गुडघा जास्त, उजवा कमी. उंची १५२ सेंटीमीटर, वजन ७४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३२, वजन जास्तच. सकाळी उठल्यावर पाय आखडतात पण दहा-पंधरा मिनिटांत सुटतात, जिना उतरताना त्रास जास्त, खाली मांडी घालून बसणं दोन वर्षांपासून बंद. एक्सरे आधीच काढलेला होता, डावीकडे झीज ग्रेड ३, उजवीकडे ग्रेड २ (ग्रेड ४ म्हणजे सगळ्यात जास्त झीज). ऑर्थोच्या डॉक्टरांनी व्यायाम आणि वजन दोन्ही सांगितलं होतं, पण काकूंच्या डोक्यात एकच वाक्य बसलं होतं ते म्हणजे "गॅप कमी झाला", म्हणजे गुडघ्यातल्या हाडांमधली जागा. एकदा गॅप कमी झाला म्हटलं की माणसाला वाटतं आता आत काहीतरी भरावं लागणार, वंगण घालावं लागणार, आणि बाजारातली प्रत्येक डबी नेमकं हेच विकते.

बोटांचे सांधे सुजलेले नव्हते आणि सकाळचा आखडलेपणा तासभर टिकत नव्हता. हे मी मुद्दाम बघते, कारण छोटे सांधे सुजत असतील आणि सकाळी अर्धा-पाऊण तास, तासभर हात-पाय सैल होत नसतील तर तो संधिवात वेगळा, आमवाताचा, त्याला लवकर औषध लागतं आणि तिथे कॅप्सूल आणि व्यायामात महिने घालवणं म्हणजे सांधे कायमचे खराब होऊ देणं. काकूंचं तसं नव्हतं, साधी गुडघ्याची झीज होती.

अडचण काय होती

दुसऱ्या भेटीत त्यांनी पिशवीतून तीन डब्या काढून टेबलावर ठेवल्या. गाईच्या चिकाच्या कॅप्सूल. मुलाने पुण्याहून ऑनलाइन मागवून थेट घरी पाठवलेल्या, एका डबीत ६० कॅप्सूल, एक कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची, रोज दोन घ्यायच्या. महिन्याचा खर्च अडीच हजाराच्या घरात. डबीवर "सांध्यांची लवचिकता, रोगप्रतिकारशक्ती, नैसर्गिक ग्रोथ फॅक्टर" वगैरे. काकू म्हणाल्या, "ताई, मुलगा रोज विचारून राहिला, आई सुरू केल्या का. घेऊ की नको तेवढं सांगा."

प्रश्न सरळ वाटतो पण त्याच्या मागे तीन गोष्टी होत्या. एक म्हणजे मुलाचं मन. लांब राहणाऱ्या मुलाने आईसाठी काहीतरी केलंय, ते "फालतू आहे" म्हणून फेकून द्यायला लावणं मला पटत नाही. दुसरी गोष्ट, भजनी मंडळातल्या एका बाईंनी कच्चा चीकच उपाशीपोटी प्यायचा सल्ला दिला होता आणि काकूंच्या जाऊबाई काटोलकडे राहतात, घरी गाई आहेत, म्हणजे मिळणं सोपं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटली आणि ती त्यांनी सहज बोलता बोलता सांगितली, की दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, म्हणजे पेनकिलर, आणते, आठवड्यातून चार-पाच दिवस तरी. बीपीची गोळी टेल्मिसार्टन, त्यातच लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. या तीन औषधांची सांगड किडनीवर फार ताण टाकते, त्यात अंगातलं पाणी कमी झालं तर जास्तच, आणि नागपुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास गेला की पाणी कमी पडायला वेळ लागत नाही.

म्हणजे सगळं घर कॅप्सूलवर बोलत होतं आणि खरा धोका पर्समधल्या गोळ्यांच्या पत्त्यात होता.

चिकाबद्दल माहीत असलेलं

इथे थोडं थांबून लिहिते कारण लोक याच ठिकाणी अडकतात.

गाय व्याल्यावर पहिलं जे घट्ट पिवळसर दूध येतं तो चीक. वासरासाठी तो जीवनमरणाचा असतो, कारण गाईच्या वारेतून अँटिबॉडी वासरात जात नाहीत, वासरू जवळजवळ संरक्षणाशिवाय जन्मतं आणि पहिल्या काही तासांत वजनाच्या साधारण १० टक्के चीक पोटात गेला तरच ते तगतं. वासराच्या आतड्याला पहिले २४ तास अख्ख्या अँटिबॉडी जशाच्या तशा रक्तात घेता येतात, त्यानंतर ते दार बंद होतं. चिकाची सगळी जादू या दारावर आहे आणि ६१ वर्षांच्या माणसाचं ते दार केव्हाच बंद झालेलं असतं. आपल्या पोटात ही प्रथिनं बाकीच्या प्रथिनांसारखीच पचतात. काही भाग आतड्यापर्यंत टिकतो, म्हणूनच चिकावरचे माणसांवरचे बरेच अभ्यास आतड्याचे, जुलाबाचे आणि खेळाडूंच्या सर्दी-खोकल्याचे आहेत. गुडघ्याच्या झिजेवर माणसांमध्ये भक्कम म्हणावा असा पुरावा नाही. उंदरांवरचे आशादायक प्रयोग आहेत, पण काकू काही उंदीर नाहीत.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिनं, इथे मुख्यतः आयजीएफ-१. गाईचा आणि माणसाचा आयजीएफ-१ अगदी सारखा असतो हे खरं आहे, आणि जाहिरातीत ते ठासून सांगतात. पण प्रमाण बघा. खेळाडूंवरच्या अभ्यासांत दिवसाला १०, २०, काही ठिकाणी ६० ग्रॅम पावडर दिलेली आहे. काकूंची डबी देत होती १ ग्रॅम. २० ग्रॅम गाठायचे तर रोज ४० कॅप्सूल, म्हणजे दीड दिवसात एक डबी संपली. हा हिशोब मी काकूंना कागदावर करून दाखवला आणि गणिताच्या शिक्षिका असल्यामुळे त्यांना तो माझ्या बाकी बोलण्यापेक्षा लवकर पटला.

त्यांचा नातू बॅडमिंटन खेळतो, सुनेच्या मनात त्यालाही द्यायचं होतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था चिकावर बंदी घालत नाही, पण त्यात आयजीएफ-१ असतो आणि तो बंदीच्या यादीत आहे, म्हणून खेळाडूंनी चीक घेऊ नये असंच सांगते. तो विषय तिथेच संपला.

कच्च्या चिकाचं मात्र मी स्पष्ट नाही म्हटलं. कच्च्या दुधातून आणि चिकातून ब्रुसेला नावाचा जंतू येऊ शकतो आणि त्या आजारात ताप येतो, कंबर आणि सांधे दुखतात, म्हणजे सांध्यांसाठी प्यायचं आणि सांध्यांचंच दुखणं घरी आणायचं. काकू म्हणाल्या मग खरवस करून खाते. खा ना, जरूर खा, जाऊबाईंकडचा खरवस मिळतोय तर सोडायचा कशाला. फक्त तो वाफेवर विरजण-बिरजण न घालता आपोआप घट्ट का होतो तर तापवल्यावर चिकातली तीच प्रथिनं गोठतात म्हणून, तेव्हा अँटिबॉडीच्या आशेने खरवस खाण्यात अर्थ नाही. गुळाचा, वेलची-जायफळ घातलेला खरवस आवडतो म्हणून खावा.

समोर असलेले पर्याय

कॅप्सूल पूर्ण बंद करायला सांगणं हा सगळ्यात सोपा पर्याय. पण मुलगा दुखावला असता आणि काकूंनी बहुतेक मला न सांगता घेतल्याच असत्या, असं होतं, मी पाहिलंय.

दुसरा, "घ्या, काही नुकसान नाही" म्हणून सोडून देणं. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी काकूंना नव्हती, दूध पचत होतं, डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ अंकी परवाना होता, "औषधी वापरासाठी नाही" ही ओळ बारीक अक्षरात का होईना होती. तशी नुकसानाची भीती कमीच. पण मग तीन महिन्यांत जे काही बरं होईल त्याचं श्रेय डबीला जाणार, आणि डबी आयुष्यभर चालू राहणार. महिन्याला अडीच हजार म्हणजे वर्षाला तीस हजार, पेन्शनीतून किंवा मुलाच्या पगारातून.

याबाबतीत २००६ चा एक मोठा अमेरिकन अभ्यास मला कायम उपयोगी पडतो, ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनवरचा, १५८३ लोकांवर झालेला. त्यात ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती त्यांच्यातल्या ६० टक्के लोकांचं गुडघेदुखणं २४ आठवड्यांत निदान २० टक्क्यांनी कमी झालं. गुडघ्याच्या झिजेचं दुखणं वर-खाली होतच असतं, आणि माणूस डबी विकत घेतो ती दुखणं सगळ्यात वर असताना. त्यानंतर ते थोडं उतरणारच होतं.

गुडघ्यात घ्यायच्या इंजेक्शनचा विषय काकांनी काढला होता, तो आम्ही व्यायाम नीट करून पाहिल्यावर ऑर्थोच्या डॉक्टरांकडे न्यायचा असं ठरलं. आणि उरलेला पर्याय म्हणजे कॅप्सूल घ्यायच्याच असतील तर त्यांची नीट परीक्षा घ्यायची, आधी मोजायचं, मग व्यायाम, मग कॅप्सूल, मग बंद, आणि प्रत्येक टप्प्यावर पुन्हा मोजायचं. हाच निवडला. मुलाला फोनवर मीच समजावलं, तो बिचारा लगेच तयार झाला, म्हणाला "मला काय, आईला बरं वाटलं पाहिजे."

काय काय केलं

पहिलं काम कॅप्सूलचं नव्हतंच. काकूंना त्यांच्या फॅमिली डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवलं, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) तपासलं, १.३ आलं, त्यांच्या वयाच्या आणि बांध्याच्या बाईसाठी जास्तच. डॉक्टरांनी पोटातून घ्यायचं डायक्लोफेनॅक बंद केलं, गुडघ्यावर लावायचं जेल दिलं, अगदीच दुखलं तर पॅरासिटामॉल. हे एक पाऊल सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं होतं असं माझं ठाम मत आहे.

मग मोजमाप. हात छातीवर घेऊन खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते बघायचं. ६० ते ६४ वयाच्या बाईला निदान १२ वेळा जमायला हवं, काकूंना ७ वेळा जमलं. जिना उतरताना दुखणं दहापैकी ७. दोन्ही आकडे त्यांनी स्वतःच्या वहीत तारखेसकट लिहिले.

व्यायाम साधेच दिले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं, पाय सरळ ठेवून उचलायचा, खुर्चीतून उठ-बस, पुढे जिन्याच्या खालच्या पायरीवर चढ-उतर. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा धक्का तो झेलतो. सकाळी साडेपाचला चालणं, कारण आठनंतर उन्हाळ्यात बाहेर पडायची सोय नाही. खाण्यात उपाशी राहायला लावलं नाही, तर्री पोहे आठवड्यातून एकदा, संध्याकाळचा तळलेला चिवडा बंद, रात्री भात कमी आणि वरण घट्ट, रोज दोन वेळा दही किंवा ताक. एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो, हे सांगितल्यावर काकांनीही चिवडा सोडला.

चौथ्या आठवड्यात काकू आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, रागावू नका, कॅप्सूल सुरू केल्या मी. व्हिडिओ कॉलवर त्यानं डबी दाखव म्हटलं, सील तसंच होतं, त्याचं तोंड उतरलं नं." आता काय करायचं हा मोठा प्रश्न होता. सहा आठवडे नुसता व्यायाम असं ठरलेलं, ते मोडलं. मी त्या दिवशी सगळ्यात आधी खुर्चीची चाचणी पुन्हा घेतली, कॅप्सूल सुरू होऊन दोनच दिवस झाले होते, उठबस ९ झालेली, जिन्याचं दुखणं ६. म्हणजे सुधारणा कॅप्सूलच्या आधीच सुरू झाली होती आणि ते वहीत लिहून ठेवणं गरजेचं होतं. मग ठरवलं की ही डबी पूर्ण संपवायची, मध्येच थांबवायचं नाही, आणि नंतर निदान महिनाभर बंद. डबी संपली तेव्हा उठबस ११, दुखणं ५.

मग बंदचा महिना आला आणि नेमकं भाचीचं लग्न. काकू दोन दिवस उभ्याच, त्यावर लग्न उरकून पाहुण्यांना घेऊन रामटेकला गडावर, पायऱ्या चढून-उतरून. दुसऱ्या दिवशी डावा गुडघा भरून आला, दुखणं पुन्हा ७. फोन आला काकांचा, "कॅप्सूल बंद केल्या म्हणूनच झालं हे, सुरू करते ती." इथे सगळा प्रयोग फसण्याच्या बेतात होता. मी एवढंच विचारलं की कॅप्सूल चालू असत्या तर रामटेकच्या पायऱ्या चढून गुडघा सुजला नसता का. काकू थोड्या वेळाने म्हणाल्या, "मागच्या वर्षीही असंच झालं होतं." ठरलं की दोन आठवडे कॅप्सूलशिवायच थांबायचं, बर्फाचा शेक, जेल, व्यायाम अर्धा, चालणं सपाट रस्त्यावर. गोळीसाठी मेडिकलला जायचं नाही हेही पुन्हा बजावलं, कारण मे महिना आणि डिहायड्रेशन.

दहा-बारा दिवसांत सूज उतरली. कॅप्सूल नव्हतीच.

या काळात मुलाने आणखी डब्या मागवण्याचे पैसे वाचले म्हणून घरातल्या भारतीय संडासाच्या जागी कमोड बसवून दिला आणि जिन्याला दुसऱ्या बाजूनेही रेलिंग लावून घेतलं. काकू सांगत होत्या, उकिडवं बसणं बंद झाल्यावर सकाळचा त्रासच निम्मा झाला.

परिणाम

जुलैत मोजलं तेव्हा उठबस १२, जिना उतरताना दुखणं ४, वजन साडेसत्तर, क्रिएटिनिन १.०. जिना अजूनही एकेक पायरीनेच उतरतात, मांडी घालून बसता येत नाही आणि बहुतेक येणारही नाही, ग्रेड ३ चा गुडघा ग्रेड ३ चाच आहे. पण खालीवर दिवसातून हवं तितकं होतं, मंडळात खुर्ची टाकून बसतात.

कॅप्सूलने फायदा झाला का? वही समोर ठेवून बघितलं तर सुरू करण्याआधी उठबस ७ वरून ९ झाली, कॅप्सूलच्या महिन्यात ९ वरून ११, बंद केल्यावर मधला लग्नाचा धक्का सोसूनही १२. कॅप्सूलच्या आधीची आणि कॅप्सूलच्या महिन्यातली चढण सारखीच आहे, आणि बंद केल्यावरही आकडा खाली आला नाही. एका बाईच्या वहीवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मान्य, पण काकूंनी स्वतःसाठी निर्णय घ्यायला एवढं पुरेसं होतं. उरलेल्या दोन डब्या त्यांनी परत पाठवल्या, सील न तोडलेल्या असल्याने घेतल्या गेल्या.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, पहिल्याच भेटीत सगळ्या गोळ्या, पावडरी, पुड्या, काढे पिशवीत घालून घेऊन या असं सांगणं. औषधं विचारली की लोक फक्त डॉक्टरांनी लिहिलेली सांगतात, मेडिकलमधून आणलेली पेनकिलर आणि ऑनलाइन मागवलेली डबी त्यांच्या लेखी औषध नसतेच. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला फोनवरच हे सांगितलं जातं. बिनलेबलच्या पुड्यांचं तर मुद्दाम विचारते, कारण दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम पडणाऱ्या पुडीत स्टेरॉइड निघू शकतं, मग चेहरा सुजतो, शुगर वाढते.

दुसरं, मुलाशी फोन, त्याने डबी उघडलीस का विचारण्याआधी, पुन्हा एकदा व्हायला हवा होता. एका फोनवर होकार मिळाला म्हणून भागत नाही, घरच्यांनाही तारखांचा कागद द्यावा, कधी मोजणार, कधी सुरू, कधी बंद, म्हणजे व्हिडिओ कॉलवर आईला सील दाखवावं लागणार नाही.

बंदचा महिना लग्नसराईत ठरवू नये. नवरात्र, लग्न, गावची यात्रा, घर बदलणं, असं काही मध्ये येत असेल तर तो महिना पुढे ढकलावा, नाहीतर पायऱ्यांचा दोष डबीच्या नसण्यावर जातो.

आणि कोणी घ्यायचं ठरवलंच असेल तर दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी अजिबात नाही, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असेल किंवा झाली असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, स्पर्धेत खेळणाऱ्यांनी नाही. बाकीच्यांनी डबी उघडायच्या आधी खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजून तारीख टाकून लिहून ठेवावं, आणि पहिली डबी संपली की दुसरी मागवायच्या आधी महिनाभर थांबून तोच आकडा परत बघावा.

काकूंची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. डाव्या गुडघ्याचं दुखणं पुन्हा ६ च्या वर गेलं आणि तीन आठवडे उतरलं नाही तर ऑर्थोच्या डॉक्टरांकडे जायचं, हे त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे, खाली काकांचा फोन नंबर आणि मुलाचाही.